पगडी, पागोटे, फेटा, मुंडासे: हे शब्द आले कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराईत आणि गुढीपाडव्याच्या आसपास एकच प्रश्न अनेक तोंडांनी येतो: "पगडी हा शब्द मूळचा आपला का?" त्याच्या मागोमाग फेटा, शिरपेच, जिरेटोप आणि हमखास मुंबईतली भाड्याची जागा येते. म्हणून सगळी उत्तरे एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. या शब्दांच्या बाबतीत कानाला चटकन पटणारी फोड बहुतेक वेळा चुकीची निघते.

पगडी म्हणजे नेमके काय?

मराठीत पगडी म्हणजे कारागिराने कापडाला चुण्या घालून, टाके मारून आधीच घडवून ठेवलेले शिरोभूषण. खुंटीवरून काढायचे, डोक्यावर ठेवायचे आणि बाहेर पडायचे. म्हणून आपण पगडी "घालतो". फेटा, रुमाल, मुंडासे मात्र "बांधतो", कारण ते प्रत्येक वेळी नव्याने गुंडाळावे लागते. भाषेने हा भेद क्रियापदातच ठेवला आहे.

हिंदीत तसे नाही. तिकडे पगड़ी बांधतात, कारण तिकडे हा शब्द डोक्याला गुंडाळायच्या कुठल्याही लांब कापडाला चालतो. हिंदी मालिका पाहून आपल्याकडेही हल्ली "नवरदेवाला पगडी बांधा" असे ऐकू येते. मला ते खटकते, पण भाषा माझ्या खटकण्यावर चालत नाही.

हा शब्द संस्कृत आहे की फारसी?

दोन्ही नाही. संस्कृत ग्रंथांतला शब्द वेगळा आहे, तो पुढे येईल. फारसीतला शब्द दस्तार. पगडी ही उत्तर आणि पश्चिम भारतातल्या लोकभाषांची जुनी ठेव आहे.

ते कशावरून म्हणायचे? नातेवाईक शब्द शेजारी शेजारी मांडून पाहा. पंजाबीत पग्ग. हिंदी, राजस्थानी आणि मैथिलीत पाग. गुजरातीत पाघडी. मराठीत पागोटे. यात एक ओळखीची चाल आहे. संस्कृत सप्तचे प्राकृतात सत्त झाले. पंजाबीने ते सत्तच ठेवले आणि मराठी-हिंदीने जोडाक्षर सोडून आधीचा स्वर लांबवला: सात. हस्त, हत्थ, हात ही तीच वाट. पंजाबी पग्ग आणि हिंदी पाग यांच्यातले नाते अगदी याच नियमाने चालते. म्हणजे या दोघांच्या मागे प्राकृताच्या काळात 'पग्ग' किंवा 'पग्गा' असे काहीतरी रूप असले पाहिजे. ते ग्रंथांत सापडत नाही. भाषाशास्त्रज्ञ अशा मागे जाऊन बांधलेल्या रूपापुढे तारा काढतात, तसे हे तारांकित रूप.

मग पागचे पगडी कसे झाले? नाकचे नकटा आणि हातचे हतोडा झाले, तसेच. पुढे प्रत्यय लागला की आधीचा लांब स्वर आखडतो. 'डी' हा प्रत्यय लागला आणि 'पा'चा 'प' झाला.

पग म्हणजे पाय ना? मग पायाचा शब्द डोक्यावर कसा चढला?

चढलेला नाही. पाय या अर्थाचा हिंदी-गुजराती पग वेगळा, डोक्यावरचा पाग वेगळा. दोघे दिसायला सारखे आहेत इतकेच. "पायापासून डोक्यापर्यंतचा मान म्हणून पगडी" अशी एक फोड समाजमाध्यमांवर फिरते. ती ऐकायला छान आहे, पण पंजाबीतले ते जोड 'ग्ग' पायाच्या वाटेने येत नाही.

मग अस्सल मराठी शब्द कोणता?

पागोटे. मूळ पाग आपल्याकडे एकटा फारसा उरला नाही, पण पागोट्यात तो लांब स्वरासकट जिवंत आहे. शेवटच्या 'ओटे'बद्दल माझा तर्क असा: लंगोट या शब्दात जसा पट्ट म्हणजे कापडाचा पट्टा दडला आहे (लिंगपट्ट, त्याचे लंगोट), तसाच तो इथेही असावा. पागेचा पट्टा ते पागोटे. हा तर्क आहे, ताम्रपट नव्हे.

वस्तू म्हणून पागोटे अरुंद पण चांगलेच लांब कापड. ते पीळ देत, वळशावर वळसा बसवत डोक्यावर रचायचे. रोज रचायला वेळ आणि हातखंडा लागे. तो उपद्व्याप नको म्हणून कुणाकडून तरी एकदाच रचून घ्यायचे आणि टाके मारून पक्के करायचे, त्यातून घडीव पगडीचा धंदा उभा राहिला. हे काम करणाऱ्याला पगडबंद म्हणत.

संस्कृतात काय म्हणत?

उष्णीष. जुने टीकाकार त्याची फोड "उन्हाचे निवारण करणारे" अशी करतात. शब्द वेदांइतका जुना आहे. अथर्ववेदाच्या १५व्या कांडात व्रात्याचे (आजच्या अर्थाने खोडकर मुलाचे नव्हे, वेदकाळातल्या भटक्या व्रतस्थाचे) वर्णन येते, त्यात दिवस हे त्याचे उष्णीष आणि रात्र हे त्याचे केस असे म्हटले आहे. पांढरे मुंडासे आणि त्याखालून दिसणारे काळे केस अशी कल्पना केली की त्या कवीच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते. यज्ञकर्माच्या मंत्रांत इंद्राणीच्या उष्णीषाचाही उल्लेख आहे, म्हणजे डोक्याला वस्त्र गुंडाळणे ही फक्त पुरुषांची मिरासदारी नव्हती. हल्ली शोभायात्रांत फेटे बांधून बुलेटवर निघणाऱ्या बायकांना नाके मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

पुढे बौद्ध शिल्पशास्त्रात बुद्धाच्या मस्तकावरच्या उंचवट्यालाही उष्णीष म्हणू लागले. अजिंठ्याच्या बुद्धमूर्तींवर तो दिसतो. बोलीत मात्र हा शब्द टिकला नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात दारापाशी जी स्त्री-पुरुषांची जोडपी कोरली आहेत, त्यातल्या पुरुषांच्या डोक्यावर भरघोस वळशांची वेष्टने आहेत. पद्धत तेव्हापासून आहे. नावे मात्र बदलत गेली.

फेटा आणि पटका हे शब्द कुठले?

दोघेही कमरेवरून डोक्यावर चढले आहेत. हिंदीत फेंट किंवा फेंटा म्हणजे कमरेला गुंडाळलेला कापडाचा वेढा. "फेंट कसना" म्हणजे कंबर कसणे. डोक्याला गुंडाळायच्या लहान कापडालाही तिकडे फेंटा म्हणतात. पटक्याचेही तसेच. पट म्हणजे वस्त्र, त्याचा पटका. मुघल दरबाराच्या चित्रांत सरदारांच्या कमरेला जो वेलबुट्टीचा लांब शेला दिसतो, तो पटका. मराठीने हे दोन्ही शब्द उचलले आणि सरळ डोक्याला बांधले. मराठ्यांच्या निशाणाला जरीपटका म्हणत, त्यातही कापड हाच मूळ अर्थ आहे.

फेट्याची लांबी पाच-सहा मीटरपासून नऊ मीटरपर्यंत असते. पाठीवर सोडलेल्या टोकाला सोगा किंवा शेमला म्हणतात. कोल्हापुरी फेट्याचा डौल बराचसा सोग्यावर आणि डोक्यावर खोचलेल्या तुऱ्यावर असतो.

कर्नाटकातला म्हैसुरी पेटा हा याच घराण्यातला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या डोक्यावर तो आपण पाठ्यपुस्तकातल्या चित्रात पाहिलेला असतो. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि नोकरीची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्यात गेली.

मुंबईच्या पारशांनी फेटा आणि पगडी हे दोन्ही शब्द ठेवले, पण दोन निरनिराळ्या कडक टोप्यांसाठी. त्यात बांधण्यासारखे काहीच उरले नाही.

मुंडासे, रुमाल, मंदील?

मुंडाशात मुंड म्हणजे डोके आहे, ते दिसतेच आहे. शेतकऱ्याचे, कष्टकऱ्याचे हे शिरोवस्त्र. ऊन, थंडी, डोक्यावरच्या पाटीची चुंबळ, घाम पुसणे, विहिरीवर भाकरी बांधून नेणे, सगळे त्यातच. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या स्वागतसमारंभाला जोतीराव फुले मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले. त्या दिवशी सभोवती उंची पोशाखांची रेलचेल होती. हिंदुस्थान खरा कसा दिसतो हे त्यांना राजपुत्राला दाखवायचे होते.

रुमाल फारसी: रू म्हणजे तोंड, माल म्हणजे पुसणारा. मंदील हा जरीकाम केलेला उंची फेटा. हा शब्द अरबीतून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या हात पुसायच्या कापडाच्या नावात आहे. म्हणजे तोंड पुसायचे एक फडके आणि हात पुसायचे दुसरे, दोघांनाही मराठी माणसाने डोक्यावर बसवले. रुमालाने पुढे आणखी एक नोकरी धरली. पेशवे दफ्तरातले कागद ज्या कापडात बांधून ठेवत त्या गठ्ठ्यालाही रुमालच म्हणतात.

शिरपेच म्हणजे शिरावरचा पेच, बरोबर?

अर्थ बरोबर, वाट वेगळी. मूळ फारसी शब्द सरपेच. सर म्हणजे डोके, पेच म्हणजे पीळ, वेढा. मराठी कानाला 'सर' परका वाटला आणि शेजारी 'शिर' तयारच होते, म्हणून शिरपेच झाला. गंमत अशी की फारसी सर आणि संस्कृत शिरस् हे मुळात एकाच आदिशब्दाचे वंशज आहेत. चुकून केलेली जोडणी घरातच पडली.

शिरपाव या शब्दावरही हाच प्रयोग झाला. फारसी सर-ओ-पा, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पूर्ण मानाचा पोशाख. दरबारात कामगिरीबद्दल तो बहाल करत. पा म्हणजे पाय, सर म्हणजे शिर. आपण शिरपाव म्हटले आणि हळूहळू पोशाख विसरून फक्त बक्षीस हा अर्थ ठेवला.

आणि जिरेटोपात जिरे कुठून आले?

फोडणीतले नव्हेत. फारसीत ज़िरह म्हणजे लोखंडी कड्यांचे चिलखत. ज़िरह-बख्तर ही जोडी हिंदीत आजही ओळखीची आहे. त्या ज़िरहचे मराठीत जिरे झाले. जिरेटोप म्हणजे लढाईत डोके वाचवणारा लोखंडी टोप.

आज जयंतीला दुकानात जो मखमली, मोत्यांच्या लडी लावलेला जिरेटोप मिळतो, तो लढाईचा नसून मिरवायचा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांची १७व्या शतकातली जी चित्रे युरोपच्या संग्रहालयांत आहेत, त्यात त्यांच्या डोक्यावर वळशांची, रत्नजडित शिरोभूषण लावलेली पगडी दिसते. जिरेटोप या शब्दाने आपण आज जे डोळ्यांपुढे आणतो ते बरेचसे पुढच्या काळातल्या चित्रकार-मूर्तिकारांनी घडवले आहे. असे म्हटले की काही जण रागावतात. रागावण्यासारखे त्यात काही नाही, चित्रे पाहावीत.

कलगी आणि तुरा यात फरक काय?

कलगी म्हणजे पगडीवर खोचायचे पिसांचे किंवा रत्नांचे भूषण. तुरा अरबी-फारसी तुर्रावरून. मूळ अर्थ कपाळावरची बट, मग गोंडा, मग फेट्याचा उभा राहिलेला पंखा. मराठी शाहिरीत या दोन शब्दांनी दोन पक्ष उभे केले. कलगीवाले शक्तीला म्हणजे मायेला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला म्हणजे ब्रह्माला. डफावर थाप पडायची आणि रात्रभर सवाल-जवाब रंगायचे. स्त्री मोठी की पुरुष, प्रकृती आधी की पुरुष आधी, असल्या प्रश्नांवर गावाचे गाव जागे राही. कोकणात कलगीतुऱ्याचे सामने अजून होतात. वर्तमानपत्रांत "दोन नेत्यांत कलगीतुरा रंगला" असे छापून येते तेव्हा त्यामागे एवढे तत्त्वज्ञान असते.

पुणेरी पगडी किती जुनी? ती कोणाची?

न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, न. चिं. केळकर, दत्तो वामन पोतदार ही मंडळी ज्या घडीव पगडीत दिसतात ती पुणेरी पगडी. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्याबरोबरीने होळकरी, शिंदेशाही, बडोद्याची अशा घराण्यांच्या आणि गावांच्या पगड्या होत्या. शिंदेशाही पगडी ग्वाल्हेरच्या समारंभांत आजही दिसते. कीर्तनकारांची तुकोबांची पगडी वेगळीच. ती पांढरी, साधी, भरीव वळशांची.

पगडी कधीच फक्त कापड नव्हती. वळसे कसे, रंग कोणता, टोक कुठे, यावरून पूर्वी माणसाची जात, धंदा आणि मुलूख ओळखत. म्हणूनच २०१८ साली शरद पवारांनी पुण्यातल्या कार्यक्रमात पुणेरी पगडीऐवजी महात्मा फुले यांची पगडी घालून सत्कार करावा असे कार्यकर्त्यांना सांगितले, तेव्हा तो विषय कापडापुरता राहिला नाही. मराठी क्रियापदाच्या न्यायाने फुल्यांच्या डोक्यावरचे ते पागोटे म्हणायला हवे. पण आता दुकानात ते शिवून तयार मिळते, म्हणजे पगडीच झाले म्हणा.

मुंबईत घराची पगडी म्हणतात ती हीच का?

शब्द हाच. मानपानाच्या देण्यातून पैशाच्या देण्यावर तो घसरला. कुणाकडून काही मिळवायचे, हक्क घ्यायचा, तर त्याला पागोटे देऊन मान करायची रीत होती. पुढे पागोट्याऐवजी रोकड आली आणि नाव तेवढे राहिले. गुजरातीतही पाघडीला हा अर्थ आहे, आणि मुंबईच्या बाजारपेठेत गुजराती आणि मराठी एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या.

व्यवहार असा. भाडेकरू जागेत शिरताना मालकाला एकरकमी मोठी रक्कम देतो आणि मग नाममात्र भाडे भरतो. तो मालक होत नाही, पण नुसता भाडेकरूही राहत नाही. जागा पुढे दुसऱ्याला दिली तर आलेल्या पगडीतला वाटा, प्रथेने साधारण एक तृतीयांश, घरमालकाला जातो.

हे वाढले का? १९४७ च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली आणि भाड्यावर वेगळी रक्कम घेणे गुन्हा ठरवले. भाडे वाढवता येत नाही म्हटल्यावर मालकाने सगळी वसुली दारातच सुरू केली. रक्कम हातोहात, पावती नाही. अनेक वर्षे लाखमोलाचे व्यवहार तोंडी विश्वासावर चालले. शेवटी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने, म्हणजे ३१ मार्च २००० पासून, अशी रक्कम घेणे-देणे कायदेशीर मानले. आज गिरगाव, दादर, परळच्या जुन्या चाळींच्या पुनर्विकासात सगळ्यात जास्त घोळ याच शब्दाचा असतो.

शेलापागोटे म्हणजे काय?

सरळ अर्थ, शेला आणि पागोटे देऊन केलेला सत्कार. तिरका अर्थ, स्नेहसंमेलनात एकेकाला नाव न घेता मारलेले विनोदी टोमणे. कॉलेजात ज्याला फिशपाँड म्हणतात त्याला मराठीत हा खासा शब्द आहे. मानाच्या देण्याचे सोंग घेऊन टोपी उडवायची, म्हणून शेलापागोटे. फिशपाँडपेक्षा मला तो कितीतरी चांगला वाटतो.

पगडा बसणे हा वाक्प्रचार पगडीवरूनच का?

माझ्या मते नाही. कानडीत पगडे म्हणजे सोंगट्या-फाशांचा खेळ, आणि मराठीतही फाशाच्या दानाशी हा शब्द जोडलेला आहे. एखाद्याचा पगडा बसतो, म्हणजे त्याचा डाव वर येतो, वरचढपणा येतो. डोक्यावरचे कापड इथे कामाला येत नाही.

पगडीवरचे खरे वाक्प्रचार वेगळे आहेत. पगडी फिरवणे म्हणजे शब्द किंवा पक्ष बदलणे. पायावर पागोटे ठेवणे म्हणजे पूर्ण शरण जाणे. पगड्या बदलून भाऊ होण्याची रीतही होती; रक्ताचे नाते नसले तरी ते भाऊपण मोडणे नामुष्कीचे समजत.

इंग्रजीतला टर्बन पगडीवरून आला का?

नाही. फारसी दुलबंद, त्याचे तुर्की तुल्बेंत, मग इटालियन-फ्रेंच वाटेने टर्बन. ट्युलिप या फुलाचे नावही त्याच शब्दावरून पडले, त्याचा आकार पाहून.

पगडी मात्र इंग्रजीत वेगळ्या दाराने शिरली. ऊन सहन न होणारे गोरे अंमलदार आपल्या सोला टोपीभोवती पातळ कापड गुंडाळत आणि त्याला 'पगरी' म्हणत. (सोला म्हणजे सूर्य नव्हे. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या भेंडापासून ती टोपी बनवत.) ही पगरी साम्राज्याबरोबर फिरत ऑस्ट्रेलियात पोचली. तिथल्या सैनिकांच्या रुंद काठाच्या हॅटभोवती आजही सात घड्यांची पट्टी असते आणि तिचे अधिकृत नाव हेच आहे.

जुन्या कागदांत टोपीकर म्हणजे कोण?

युरोपियन. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच, डेन या सगळ्यांना मिळून टोपीकर म्हटले आहे आणि त्यांच्यापासून सावध राहायला सांगितले आहे. पागोटेवाल्या मुलखाला परका माणूस सर्वांत आधी डोक्यावरून ओळखू येई.

लिहिताना अनेकवचन आणि सामान्यरूप कसे करावे?

पगडी, पगड्या, पगडीला. पागोटे, पागोटी, पागोट्याला. फेटा, फेटे, फेट्याला. पटका, पटके, पटक्याला. मुंडासे, मुंडाशी, मुंडाशाला. निमंत्रणपत्रिकेत "फेटे बांधले जातील" लिहा, "पगड्या घालण्यात येतील" लिहा. उलटे छापू नका.